लेट्यूसचे रोप आणि इस्लापूरचा हिवाळा

लेट्यूसचे बी १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात दोन-तीन दिवसांत उगवते. पारा २५ च्या पुढे गेला की ते रेंगाळू लागते आणि ३० अंश ओलांडल्यावर बहुतेक जातींचे बी ओलाव्यात पडूनही हलत नाही. बी मेलेले नसते. उष्णतेत आतला गर्भ जोर करत नाही आणि त्याच्याभोवतीचा पोषक थर सैल पडत नाही, म्हणून मूळ बाहेर येत नाही. कोरड्या, तापलेल्या जमिनीत उगवून लगेच करपण्यापेक्षा थांबणे बरे, अशी ही या वनस्पतीची जुनी सवय आहे. तिचा रानटी पूर्वज भूमध्य समुद्राच्या भोवतालचा आणि पश्चिम आशियातला. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळी, त्यामुळे उन्हाळ्यात दम धरणाऱ्या बियांचीच पुढची पिढी उभी राहिली.

या एका गुणामुळे लेट्यूसच्या रोपवाटिकेचे तंत्र प्रदेशागणिक उलटेपालटे होते. युरोप-अमेरिकेतल्या बागकामाच्या पुस्तकांत हे रोप घरात करायला सांगतात, कारण तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर बर्फ असतो आणि घरात ऊब असते. तो सल्ला जसाच्या तसा उचलून नांदेड जिल्ह्यात वापरला तर घात होतो. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरला बी घरात न्यायचे ते गारव्यासाठी, आणि तेही मोजके दोन-चार दिवस. नंतरचे तीन-चार आठवडे घर त्याला अपायच करते.

इस्लापूर नांदेडच्या उत्तर टोकाला, नांदेड-किनवट रस्त्यावर आहे. सहस्रकुंडाचा धबधबा जवळच आणि पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे मराठवाडा संपून विदर्भ सुरू. पूर्वेला तेलंगणातला आदिलाबाद. मराठवाड्याच्या इतर भागांपेक्षा किनवट-माहूर पट्ट्यात पाऊस जास्त आणि सागा-पळसाचे जंगलही जास्त. शेतात कापूस, सोयाबीन, तूर, पाण्याची सोय असेल तिथे हळद. या भागात लेट्यूस हे पीक नाही. तरीही हवामान पाहिले तर वर्षातला एक तुकडा त्याला नेमका जुळतो. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांवर जातो, ऑक्टोबरच्या पूर्वार्धात दुपारी ३३-३४ अंशांचा उकाडा असतो. पण नोव्हेंबरपासून रात्री १५ अंशांच्या आसपास उतरतात, डिसेंबर-जानेवारीत १२-१३ पर्यंत आणि थंडीच्या लाटेत त्याहून बऱ्याच खाली. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेने डिसेंबर २०१८ मध्ये २ अंशांची नोंद केली होती. लेट्यूसचे वाढते झाड अशी थंडी सोसते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपार ३४-३५ वर गेली की त्याचा हंगाम आटोपतो. म्हणजे शेतात उभे राहायला या पिकाला साधारण शंभर दिवस मिळतात. रोप तयार व्हायलाच तीन-चार आठवडे लागतात. ते ऑक्टोबरच्या उकाड्यात आधी तयार करून ठेवले तर थंडीचे सगळे दिवस पानांच्या वाढीला मिळतात. रोप करून लावण्याचा इथला खरा फायदा हाच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास रोप टाकावे, कार्तिकात लावावे, पौष-माघात पाने काढावीत.

पाथरीची चुलत बहीण

लेट्यूस वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने सूर्यफुलाच्या कुळातले. करडई, झेंडू, शेवंती त्याच कुळातल्या. जवळचे नाते मात्र पाथरीशी. रब्बीच्या रानात, ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने जमिनीला चिकटून पसरणारी, पान तोडले की पांढरा चीक येणारी आणि भाकरीबरोबर कच्चीच खाल्ली जाणारी पाथरी मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. लेट्यूसचे पान तोडले तरी तसाच चीक येतो, फूल तसेच पिवळे आणि बियांना उडायला तसाच केसाळ पिसारा. दोघींचा कडवटपणाही एकाच जातीच्या रसायनांमुळे येतो. कच्चा पाला खाणे हे शहरी किंवा परदेशी खूळ आहे, असे मराठवाड्यात तरी कुणी म्हणू नये.

लागवडीखालच्या लेट्यूसचा इतिहास मोठा आहे. प्राचीन इजिप्तमध्ये मिन देवतेच्या चित्रांत उंच, उभ्या पानांचे लेट्यूस दिसते. तिथे आधी त्याचे बी तेलासाठी वापरले जात असावे, असे मत आहे. रोमनांनी ते पानभाजी म्हणून युरोपभर नेले. भारतात इंग्रजांच्या बंगल्यांमागच्या बागांतून ते पसरले आणि लष्करी छावण्या, थंड हवेची ठिकाणे, बड्या हॉटेलांची स्वयंपाकघरे यांच्यापलीकडे फार काळ गेले नाही. महाराष्ट्रात आज ते मुख्यतः पुण्याच्या आसपास, काही प्रमाणात पॉलिहाऊसमध्ये आणि मातीविना पाण्यावर होते. ब्रोकोली, झुकिनी, लाल कोबी यांच्याबरोबर ‘परदेशी भाजी’ म्हणून विकले जाते. इस्लापूरच्या आठवडी बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळणार नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. पान नाजूक, तोडल्यावर दुपारच्या आत मान टाकते. शीतगृहाची साखळी नसताना नांदेड किंवा नागपूरला पाठवणे आतबट्ट्याचे ठरते. परसबाग, शाळेची पोषण-बाग, एखाद्या ढाब्याशी ठरलेला पुरवठा एवढाच त्याचा इथला आवाका आहे, आणि तेवढ्यासाठी दोन-तीन ट्रे रोपे पुष्कळ होतात.

रोपे विकत आणण्याचा मार्गही आहेच. महाराष्ट्रात भाजीपाल्याची रोपे तयार करून विकण्याचा धंदा गेल्या दोन-तीन दशकांत चांगला स्थिरावला आहे. राज्य सरकारने २०२० च्या सुमारास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने रोपवाटिका योजना आणली. तिच्यात शेडनेट, प्लॅस्टिक बोगदा, क्रेट यांसाठी निम्मे अनुदान ठेवून निवडीत कृषी पदवीधर महिलांना पहिला मान दिला. मात्र या रोपवाटिकांत मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी, झेंडू, टरबूज यांचीच रोपे होतात, कारण खप त्यांचा आहे. लेट्यूस हवे असेल तर आगाऊ मागणी नोंदवावी लागते किंवा घरी करावे लागते.

बी

लेट्यूसचे बी बारीक, चपटे, दोन्हीकडे निमुळते; पांढरे, करडे किंवा काळे. एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार दाणे भरतात. परसबागेला अर्धा ग्रॅमही जास्तच होतो. पाकीट एकदा फोडले की बियांचे आयुष्य हवेतल्या दमटपणावर आणि उष्णतेवर ठरते. बियांतला ओलावा एका टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी कमी केले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अमेरिकी बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा प्रसिद्ध ठोकताळा आहे. मराठवाड्यातल्या घरात उन्हाळाभर कपाटात पडलेले लेट्यूसचे बी पुढच्या दिवाळीला निम्मेही उगवले नाही तर नवल नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या तांदळाच्या पुरचुंडीसह फ्रिजमध्ये ठेवलेले बी तीन-एक वर्षे चालते.

जाती ढोबळमानाने चार: सुट्या पानांची, लोण्यासारख्या मऊ गड्ड्याची, उभ्या लांब पानांची रोमेन आणि कोबीसारखा घट्ट कुरकुरीत गड्डा धरणारी. भारतात ‘ग्रेट लेक्स’ ही गड्ड्याची जात आणि ‘चायनीज यलो’ ही सुट्या पानांची जात बऱ्याच काळापासून शिफारशीत आहेत. इस्लापूरसारख्या आखूड हिवाळ्यात गड्ड्याच्या मागे लागू नये. गड्डा घट्ट व्हायला लागवडीनंतर दोन महिन्यांहून अधिक काळ सलग गारवा हवा, आणि नेमक्या शेवटच्या पंधरवड्यात ऊन चढते. सुट्या पानांची जात किंवा रोमेन घेतली तर दीड महिन्यात पाने सुरू होतात.

बाजारात मातीच्या गोळीत गुंडाळलेले बीही मिळते. ते पेरायला सोपे, आणि कंपनीने त्यावर आधी पाण्याची प्रक्रिया केलेली असली तर उष्णतेतही बरे उगवते. पण असे प्रक्रिया केलेले बी लवकर निकामी होते, म्हणून त्याच हंगामात संपवावे.

घरातले दोन दिवस

लेट्यूसच्या बियांना गारव्याबरोबर उजेडही लागतो, आणि ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ जातीच्या भिजलेल्या बियांवर तांबड्या प्रकाशाचा झोत टाकला, तर बी उगवले. त्याच्या पुढचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतितांबडा प्रकाश टाकला, तर उगवण थांबली. आलटून पालटून कितीही वेळा टाकले तरी शेवटचा प्रकाश कोणता, त्यावर निकाल ठरला. १९५२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यातूनच वनस्पतींतल्या फायटोक्रोम या प्रकाशग्राही द्रव्याचा माग लागला. झाडांना दिवस-रात्रीची लांबी कळते कशी, या कोड्याचा मोठा भाग या चिमुकल्या बियांनी सोडवला.

परसबागेपुरता याचा अर्थ साधा आहे. बी खोल पुरू नये. दोन-तीन मिलिमीटरवर, जेमतेम झाकले जाईल इतकेच ठेवावे. आणि पेरलेला ट्रे लिंबाच्या किंवा आंब्याच्या गर्द सावलीत ठेवू नये. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषतात आणि अतितांबडा खाली सोडतात. बियांना त्यातून ‘वर दुसरे झाड उभे आहे’ असा निरोप मिळतो. ट्रे गार राहावा म्हणून केलेली ही व्यवस्था उलटी पडते.

उजेडाची गरज आणि उष्णता यांचाही संबंध आहे. गार हवेत बऱ्याच जातींचे बी अंधारातही उगवते. जसजसा उकाडा वाढतो तसतशी उजेडाची गरज वाढते आणि शेवटी उजेड असूनही भागत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये बियांना मोड आणून मगच पेरणे खात्रीचे. बी सायंकाळी स्वच्छ पाण्यात दोन-तीन तास भिजवावे, ओल्या सुती फडक्यावर पातळ पसरावे, फडके ताटलीत ठेवून घरातल्या सर्वांत गार जागी न्यावे. ती जागा बहुतेक घरांत माठ किंवा रांजण ठेवतात तीच असते. मातीच्या भांड्यातून पाझरणारे पाणी वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेते. पाऊस सरल्यावर हवा कोरडी पडू लागते, तसा हा परिणाम वाढतो. सकाळी काही तास ताटली खिडकीपाशी, ऊन न लागेल अशी उजेडात ठेवावी. फ्रिज असेल तर भिजलेले बी भाजीच्या कप्प्यात दोन दिवस ठेवूनही तेच साधते. त्या थंडीनंतर बी बाहेरच्या उकाड्याला दबकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुळाचे पांढरे टोक दिसले की पेरायला घ्यावे. टोक दाण्याएवढे लांबण्याची वाट पाहू नये, मोडते.

संख्या मोठी असेल तर शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी पडतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात सुसंत रॉय यांनी विकसित केलेली ही रचना विटांच्या दोन भिंतींची असते. दोन्हींमध्ये साडेसात सेंटिमीटरचे अंतर ठेवून तिथे वाळू भरतात आणि ती दिवसातून दोनदा भिजवतात. वर गवताचे किंवा तुराट्यांचे झाकण. उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते. मुळात ती भाजी-फळे टिकवण्यासाठी आहे, पण पेरलेले ट्रे पहिले दोन दिवस ठेवायलाही चालते. विजेचा भरवसा नसलेल्या गावात ती फ्रिजपेक्षा शहाणपणाची.

मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेत पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लॅस्टिकखाली चार-सहा दिवस झाकतात. आत ऊब धरते आणि त्या बियांना ती हवीच असते. लेट्यूसच्या ट्रेला हा उपचार केला की उगवण बसते. एकाच शेडमध्ये दोन्ही पिके करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

ट्रे, माती आणि पाणी

किनवट भागातली काळी जमीन कापसाला उत्तम आणि रोपाला वाईट. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्या कवचाखाली लेट्यूसचा नाजूक अंकुर दबतो. रोपांसाठी नदीकाठचा पोयटा, बारीक वाळू आणि पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत समभाग घ्यावे. अर्धवट कुजलेले शेण कटाक्षाने टाळावे. त्याने रोप जळते हे एक, आणि लेट्यूस कच्चे खाल्ले जात असल्याने शेणातले जंतू पानावाटे पोटात जाण्याचा धोका हे त्याहून मोठे कारण.

मिश्रणातली बुरशी मारायला मराठवाड्याच्या उन्हासारखे दुसरे औषध नाही. एप्रिल-मे महिन्यांत वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने बुजवल्या की चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातले रोगजंतू आणि तणाचे बी बरेचसे संपते. इस्रायलमधल्या काटान यांनी १९७६ मध्ये हे तंत्र शास्त्रीय प्रयोगांनी मांडले. प्लॅस्टिक पारदर्शकच हवे. काळ्या प्लॅस्टिकखाली जमीन तितकी तापत नाही. ऑक्टोबरची तयारी अशी मेमध्ये करून ठेवावी लागते, आणि नेमकी तीच विसरली जाते.

कोकोपीट घेतले तर काम हलके होते. नारळाच्या काथ्याचा हा भुसा दाक्षिणात्य राज्यांतून विटांच्या रूपात येतो. पाच किलोची वीट पाण्यात फुगून मोठी टोपली भरते. ते दोन-तीनदा धुऊन घ्यावे, कारण त्यात क्षार उतरलेले असतात आणि लेट्यूस क्षारांना हळवे आहे. बोअरचे पाणी भांड्याच्या तळाशी पांढरा थर सोडत असेल, तर रोपांना पावसाचे साठवलेले किंवा नदी-विहिरीचे पाणी द्यावे. कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसते. म्हणून त्यात चौथा हिस्सा गांडूळ खत मिसळावे आणि ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी घालावी.

९८ कप्प्यांचा प्लॅस्टिक ट्रे महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत सर्वत्र चालतो. त्याला साधारण सव्वा किलो कोकोपीट लागते. प्रत्येक कप्प्यात एक, शंका असेल तर दोन दाणे टाकून नंतर दुबळे रोप कात्रीने कापावे. उपटले तर शेजारच्याचे मूळ हलते. एका ट्रेतली सगळी रोपे फूटभर अंतराने लावायला तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद जागा पुरते. ही सगळी एकाच दिवशी टाकली तर एकाच आठवड्यात तोडणीला येतात आणि घरात खाणाऱ्यांना पाला नकोसा होतो. दर दहा-बारा दिवसांनी तिसरा हिस्सा ट्रे पेरणे सोयीचे. जास्तीत जास्त चार खेपा. त्यानंतर टाकलेले रोप उन्हात सापडते.

उजेड आणि वारा

दोन बीजपत्रे वर आली की ट्रे त्याच दिवशी घराबाहेर काढावा. उशीर इथेच होतो. खिडकीतला उजेड माणसाला पुष्कळ वाटतो. पण तो बाहेरच्या उजेडाच्या कितीतरी पट कमी असतो. दोन दिवस आत राहिलेले रोप उजेडाच्या शोधात लांबते, देठ दोऱ्यासारखा होतो आणि पुढे आडवा पडतो. असे लांबुळके रोप पुन्हा सुधारत नाही. टोमॅटोचे लांबलेले रोप खोल लावून निभावता येते, कारण त्याच्या खोडाला नवी मुळे फुटतात. लेट्यूसला ती सोय नाही. थंड देशांत यासाठी रोपांवर दिव्यांच्या नळ्या टांगतात. नांदेड जिल्ह्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ऊन फुकट असताना दिवे लावणे हा नुसता खर्च आहे.

बाहेरची जागा सकाळच्या उन्हाची निवडावी. दुपारी निम्मी सावली करणारी शेडनेट किंवा बांबूवर टाकलेले जुने पातळ लुगडे पुरते. सायंकाळी ते काढून घ्यावे म्हणजे रात्रीचा गारवा आणि दव रोपांना मिळते. ट्रे जमिनीवर न ठेवता विटांवर उचललेला असावा. खालून हवा खेळली की मुळे छिद्राबाहेर येऊन सुकतात आणि आत फुटवे धरतात. जमिनीला टेकलेल्या ट्रेतून ती मातीत शिरतात व उपटताना तुटतात.

पाणी सकाळी, बारीक झारीने. सायंकाळी दिलेले पाणी रात्रभर पानांवर राहते आणि मान कुजते: देठ जमिनीलगत काळा, बारीक होऊन रोप कोलमडते. ही मर पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या जमिनीतल्या बुरशींची. एका कोपऱ्यात दिसली की तो भाग काढून टाकावा, पाणी निम्म्यावर आणावे. औषधापेक्षा वारा आणि कोरडा पृष्ठभाग यांचाच उपयोग जास्त.

तिसरे पान आले की लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत आठवड्यातून एकदा पुरे. जास्त नत्राने पाने मोठी आणि मऊ होतात, आणि असे लाडावलेले रोप शेतात टिकत नाही. तीन ते चार आठवड्यांत चार-पाच पाने येतात, बोट लावून ट्रेतून काढले तर मुळांसकट मातीची गुल्ली अखंड निघते. रोप तयार झाल्याची हीच खूण. आठवडाभर आणखी थांबले तर मुळे गुल्लीभोवती फेर धरतात आणि लावल्यावरही बाहेर पडायला तयार होत नाहीत. शेवटचे पाच-सहा दिवस सावली काढून घ्यावी आणि पाणी ताणावे. पाने किंचित कोमेजेपर्यंत थांबून मग द्यावे, पार सुकू देऊ नये. या ताणाने पानावरचा मेणासारखा थर जाड होतो आणि पेशींत साखर साठते.

लावणी

वाफा गादीचा, वीतभर उंच, मीटरभर रुंद. उंचीचे कारण काळ्या जमिनीत पाणी साचते आणि लेट्यूसची मुळे वरच्या फूटभरातच असतात. चिबडीत ती गुदमरतात. लावणीच्या आदल्या दिवशी वाफा भिजवून वाफशावर आणावा. कुजलेले शेणखत दोन आठवडे आधी मिसळलेले असावे.

लावणी उन्हे कलल्यावर करावी. रोपाला पहिली रात्र गारव्याची मिळाली की पानांतून उडणारे पाणी आणि मुळांनी ओढलेले पाणी यांचा मेळ सकाळपर्यंत बसतो. रोप दगावते ते या मेळाच्या अभावाने. मुळांवरचे सूक्ष्म केस उपटताना झडतात, नवे फुटायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात पाने मात्र उन्हात पाणी गमावत राहतात. गुल्लीसह लावलेल्या रोपाचे केस बरेचसे शाबूत असतात. वाफ्यातून उपटून आणलेल्या उघड्या मुळांच्या रोपाला हा धक्का जास्त बसतो. तरी सोटमूळ तुटल्यावर लेट्यूसला आडवी मुळे भराभर फुटतात, म्हणून गाजर-मुळ्यापेक्षा ते स्थलांतर पुष्कळ चांगले सोसते.

ट्रे तासभर आधी भिजवून घ्यावा. रोप पानाला धरावे, देठाला कधीच नाही; पान चुरगळले तर दुसरे येते, देठ दबला तर रोप जाते. खुरप्याने केलेल्या खळग्यात गुल्ली जमिनीच्या पातळीला बसवावी. कोंब मातीखाली गेला की कुजतो, फार वर राहिला तर झाड वाऱ्याने डुलते. भोवतालची माती बोटांनी हलकी दाबावी, म्हणजे गुल्ली आणि जमीन यांच्यात पोकळी उरत नाही. पोकळी राहिली की ओल्या वाफ्यातही रोप वाळते, आणि कारण लक्षात येत नाही. अंतर सुट्या पानांना २५ सेंटिमीटर, रोमेनला ३०.

लगेच पाणी द्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊन कडक असेल तर प्रत्येक रोपाच्या पश्चिमेला पळसाचे पान खोचून सावली करावी; या भागात पळसाला तोटा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी. आठवडाभरात मधले पान नवे, तजेलदार दिसले की रोप लागले. न लागलेल्या जागी राखून ठेवलेल्या रोपांतून नांग्या भराव्यात, त्याही पहिल्या दहा दिवसांत. नंतर भरलेली रोपे शेजाऱ्यांच्या सावलीत खुरटतात. वाफ्यावर सोयाबीनचा भुसा दोन बोटे जाडीचा पसरला की ओल टिकते, तण दबते आणि खालची पाने मातीने माखत नाहीत. देठालगत मात्र भुसा ठेवू नये.

गोगलगाय, रानडुक्कर आणि ऊन

मराठवाड्यात लेट्यूसचा पहिला शत्रू गोगलगाय ठरण्याची शक्यता मोठी. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, दुबार पेरणी करावी लागली आणि सरकारला मदत जाहीर करावी लागली. लेट्यूसचे मऊ, पाणीदार पान तिला सोयाबीनहून प्रिय. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती सायंकाळी वाफ्याच्या कडेने अंथरली की गोगलगायी त्याखाली जमतात. पहाटे त्या गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. उघड्या हाताने धरू नयेत. वाफ्याभोवती कोरड्या चुन्याचा पट्टाही उपयोगी, पण दवाने भिजला की निरुपयोगी. भुशाचे आच्छादन तिला लपायला आवडते, म्हणून प्रादुर्भाव असेल तिथे आच्छादन टाळून ओल सांभाळण्याचा जास्तीचा त्रास पत्करावा.

मावा पानाच्या खालून, कोंबाच्या घडीत बसतो. पाण्याचाच जोरदार फवारा मारून तो धुता येतो. कच्च्या खायच्या पाल्यावर विषारी फवारणी करण्यात अर्थ नाही. निंबोळी अर्क चालतो, पण कडू चव आठवडाभर रेंगाळते. जंगलालगतच्या शिवारात रानडुकरे लेट्यूस खाण्यापेक्षा ओल्या वाफ्यातले किडे उकरण्यासाठी येतात आणि सगळी लावणी पालथी करून जातात. परसबाग घराच्या मागे असावी याचे हे एक कारण. शेळ्यांसाठी कुंपण वेगळे सांगायला नको.

कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या तर तो बहुधा रोग नसतो. पाणी कधी भरपूर, कधी शून्य असे दिले की आतल्या वाढत्या पानांपर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि कडा मरतात. जमिनीत चुनखडी कितीही असली तरी हे होते. उपाय एकच: थोडे पण नियमित पाणी, शक्यतो ठिबकने.

तोडणी आणि पुढचे बी

सुट्या पानांच्या जातीची बाहेरची तीन-चार पाने लागवडीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी घेता येतात. कोंब राखला की दर आठवड्याला पुन्हा पाने मिळतात. तोडणी पहाटे करावी. रात्रीच्या गारव्याने पान पाण्याने भरलेले असते. दुपारी तोडलेला पाला बादलीत बुडवूनही पूर्ववत होत नाही. खाण्याआधी वाहत्या पाण्यात पान पान सुटे धुवावे आणि शेवटचे पाणी पिण्याच्या दर्जाचे असावे. जवारीची भाकरी, भुरका किंवा शेंगदाण्याची चटणी, वर कच्चे तेल आणि मधे लेट्यूसची दोन पाने हा मेळ चांगला जमतो.

फेब्रुवारीत दिवस मोठा आणि दुपार तापलेली झाली की मधला दांडा वर चढू लागतो. पाने टोकदार होतात, चीक घट्ट होतो, कडूपणा वाढतो. दांडा दिसण्याआधीच उरलेली पाने काढून घ्यावीत. दांडा खुडून झाड थांबत नाही. मात्र दोन-तीन सशक्त, सर्वांत उशिरा दांडा धरणारी झाडे बियांसाठी सोडावीत. लवकर दांडा धरणाऱ्या झाडाचे बी ठेवले तर पुढच्या वर्षी सगळेच पीक लवकर उठते. लेट्यूसचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे जात बहुतांशी शुद्ध राहते. संकरित जातीचे बी ठेवण्यात मात्र अर्थ नसतो. मार्च-एप्रिलमध्ये पिवळी फुले मिटून पांढरा पिसारा दिसला की शेंडे कापडी पिशवीत झटकून घ्यावेत. सगळे बी एकदम पिकत नाही, म्हणून तीन-चार दिवसांच्या अंतराने पुन्हा पिशवी धरावी लागते. सावलीत आठवडाभर वाळवून, पाखडून, बरणीवर जात आणि साल लिहून ते फ्रिजमध्ये ठेवावे. ताजे बी काही जातींत पहिले एक-दोन महिने उगवत नाही. इस्लापूरला पुढची पेरणी ऑक्टोबरमध्येच असल्याने त्याची अडचण येत नाही.